परदेशी गेलेला मुलगा आणि त्याचे घर

कडेगाव, विटे, तासगाव ह्या बाजूच्या सुशिक्षित घरांतून हल्ली एक प्रश्न वरचेवर कानी येतो. मुलगा हुशार आहे, अभियांत्रिकीची परीक्षा चांगल्या रीतीने उतरला आहे, जर्मनीस किंवा अमेरिकेस जाण्याची त्याची इच्छा आहे, बँकेचे कर्जही मिळण्यासारखे आहे; परंतु आजीच्या मनात, आणि खरे पाहता आजोबांच्याही मनात, एकच शंका ठाण मांडून बसलेली असते: हा तिकडून बदलून तर येणार नाही ना? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हीच शंका निराळा वेष घेऊन येत असे. तेव्हा समुद्रपर्यटनाचा दोष, पंक्तिव्यवहार आणि प्रायश्चित्त ह्यांची चर्चा चाले. पंचगव्य घेतलेल्या मनुष्यास पुन्हा पंक्तीस बसविता येई. त्याने जे डोळ्यांनी पाहिले ते मात्र कोणत्याही विधीने पुसता येत नसे. आता प्रायश्चित्त गेले, शंका राहिली. २०२४ साली संसदेत सांगण्यात आलेल्या आकड्याप्रमाणे परदेशी शिकणारे आपले विद्यार्थी १३ लाखांहून अधिक होते. तेव्हा ही शंका एकट्या कडेगावची नव्हे.

आमचे म्हणणे असे की, शंका रास्त आहे, पण प्रश्न अर्धाच विचारला जातो. मुलगा बदलणारच, तो न बदलता परत आला तर कर्जाचे पैसे फुकट गेले असे खुशाल समजावे. उरलेला अर्धा प्रश्न घराचा आहे. बदललेल्या दृष्टीने त्याने काही पाहिले, काही बोलला, काही करू लागला, तर त्यास घरात जागा आहे काय?

दूर जाणे ह्या मुलखास नवीन नाही. टेंभूचे पाणी येण्यापूर्वी खानापूर, आटपाडी, कडेगाव ह्या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पडली. सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा हाती धरून ती पंजाबापासून केरळापर्यंत पसरली. भारतातील कोणत्याही मोठ्या सराफ कट्ट्यावर जा, गलाईच्या भट्टीपाशी विटे-खानापूरकडचा मनुष्य भेटण्याचा संभव फार. ह्या मंडळींनी गावी घरे बांधली, देवळे बांधली, जत्रेस वर्गणी धाडली. परंतु गलाईवाला जातो तो मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जातो. त्याच्या आगेमागे गावचीच माणसे असतात, भाकरी तीच, बोली तीच, आणि गावातील मानपानही जसेच्या तसे त्याच्याबरोबर गेलेले असते. विद्यार्थी जातो तो एकटा. ज्या ठिकाणी त्याच्या आडनावावरून कोणासही काही बोध होत नाही, अशा ठिकाणी तो जाऊन पडतो. कमाईसाठी दूर जाणे आणि शिकण्यासाठी दूर जाणे ह्यांतील मोठा भेद आम्हांस येथे दिसतो.

ह्या एकटेपणात त्यास पहिला गुरू भेटतो तो विद्यापीठात नव्हे, भाड्याच्या खोलीतील मोरीपाशी. ज्या मुलाने घरी स्वतःचे ताट कधी उचलले नाही, त्यास तेथे कणीक मळावी लागते, भांडी घासावी लागतात, आठवड्यातून ज्याची पाळी येईल त्या दिवशी संडासही धुवावा लागतो. आणि ह्या कामात त्याचा जोडीदार कधी केरळचा ख्रिस्ती, कधी लाहोरचा मुसलमान, कधी चिनी असतो. एका माणसाच्या दोन वेळच्या जेवणास किती घटका लागतात हे त्यास प्रथमच घड्याळाने कळते. मग एखाद्या रात्री खरकटे पातेले घाशीत असता त्याच्या मनात एक साधा गुणाकार उभा राहतो. माझ्या एकट्याच्या पोटास जर इतका वेळ लागतो, तर आमच्या बारा माणसांच्या घरात, गौरीगणपतीस तर पंचवीस पानांच्या पंक्तीस, आईने आणि काकूने किती वर्षे उभ्याने काढली असतील? हा गुणाकार त्यास कोणत्याही पुस्तकाने शिकविलेला नसतो. स्त्रीदास्यावरील व्याख्याने ऐकून जे होत नाही ते जळलेल्या पातेल्याने होते.

असा मुलगा सुटीत घरी येतो आणि जेवण झाल्यावर आपले ताट उचलतो. एवढ्याशा गोष्टीने माजघरात जी खळबळ उडते, तिची कल्पना आमच्या वाचकभगिनींस निराळी देण्याचे कारण नाही. काकू म्हणते, “ठेव रे ते, आम्ही काय मेलो आहोत?” पाहुण्यांपुढे तर आई त्याच्या हातून ताट ओढूनच घेते. येथे काकूस जुनाट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते पसंत नाही. जिने आयुष्यभर वाढण्यात आणि उष्टी काढण्यातच आपला मान मानला, तिच्या हातचे काम काढून घेतले तर तिच्या हाती दुसरे काय ठेवणार, हा प्रश्न मुलाने स्वतःस विचारलेला नसतो. परंतु काकूचा मान राखावयाचा म्हणून पुढल्या पिढीतील सुनेनेही तसेच उभे राहावे, हेही उत्तर होत नाही. पुष्कळ घरांत अशा वेळी ‘चार दिवस आहे, जाईल परत’ असे म्हणून विषय मिटविला जातो. मुलगाही ते ओळखतो, आणि पुढील खेपेस ताट जागीच ठेवतो. त्याची दृष्टी पालटली की नाही ह्याचा निकाल परदेशात लागतच नाही. तो अशा वेळी आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लागतो.

जी गोष्ट स्वयंपाकघराची, तीच कारखान्याची. जर्मनीत शाळा आणि कारखाना ह्यांत आळीपाळीने राहून धंदा शिकण्याची दोन ते साडेतीन वर्षांची उमेदवारी असते, आणि विद्यापीठातील अभियंत्यासही काही महिने कारखान्यात काढावे लागतात. पदवीधराने यंत्राच्या तेलात हात घालणे तेथे कमीपणाचे मानीत नाहीत. आपल्याकडे शिकलेल्या मनुष्याने हात काळे करू नयेत ही समजूत ब्राह्मण घरांत तर विशेषच खोल रुजलेली होती, आणि ती मोडणारे एक मोठे उदाहरण कडेगावच्या शेजारीच घडले. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना मांडला. बेळगाव सोडावे लागलेल्या ह्या मनुष्यास औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि भांडवलास १०,००० रुपयांचे कर्जही दिले. लक्ष्मणराव स्वतः परदेशी शिकलेले नव्हते, परंतु लोखंडी नांगर ओतताना त्यांचे हात कधी स्वच्छ राहिले नाहीत.

त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली चुलतभाऊ माधव ह्यांच्यासह अमेरिकेस गेले आणि मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयातून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. मुंबईसारख्या शहरात मोठ्या पगाराची नोकरी अशा पदवीधरास अशक्य नव्हती. शंतनुराव आले ते वाडीच्या माळावर. पुढे तेलाची एंजिने, यंत्रे तयार करणारी यंत्रे, विजेच्या मोटारी असा त्या घराण्याचा पसारा वाढत गेला आणि १९४६ साली पुण्यास एंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. हे सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस लक्षात आणून द्यावयाचे आहे ते निराळेच. शंतनुराव परतले तेव्हा त्यांच्या नव्या ज्ञानाची वाट पाहणारी भट्टी पेटलेली होती, यंत्रे होती, आणि मुख्य म्हणजे जे पालटावयाचे ते पालटू देणारा बाप होता. वडिलांचा कारखाना आणि मुलाची विद्या ह्यांची गाठ पडली म्हणून ती विद्या फळास आली.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. त्या पिढीतील विद्यार्थी परत आले ह्याचे सारे श्रेय आपण त्यांच्या देशभक्तीच्या खात्यावर जमा करतो आणि आजच्या मुलांस नावे ठेवतो. हा हिशेब खरा नव्हे. शंतनुराव अमेरिकेत असतानाच, १९२३ साली, भगतसिंग थिंद ह्यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्यास अमेरिकेचे नागरिक होता येणार नाही असा निर्णय दिला, आणि १९२४ च्या कायद्याने हिंदी लोकांस तेथे कायमचे जाऊन राहण्याची वाटच बंद केली. शिकून परत या, ह्याखेरीज विद्यार्थ्यापुढे फारशी निवड नव्हती. आजच्या मुलास निवड आहे, आणि डोक्यावर बँकेचे कर्जही आहे. ते रुपयांत मिळालेल्या पगारातून फेडणे कठीण, ह्यास मुलगा काय करणार? तो तिकडे राहिला म्हणून तो आपला राहिला नाही असे म्हणणाऱ्या वडील मंडळींनी आपल्या येथे त्याच्यासाठी कोणते काम राखून ठेवले होते हेही सांगावे.

काम राखून ठेवणारा बाप कारखानदारच असला पाहिजे असे नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्ड येथे शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ च्या सुमारास परत आले. राजपुत्राने विलायतेहून यावे आणि मोटारी, शिकार व क्लब ह्यांत रमावे, असा त्या काळच्या संस्थानांतील सामान्य अनुभव होता. आप्पासाहेब आले ते प्रजेच्या हाती कारभार देण्याचा विचार घेऊन. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा अभियंता त्यांस मिळाला, गांधीजींचा सल्ला घेण्यात आला, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधच्या ७२ गावांस ग्रामपंचायतींच्या पायावर उभारलेली राज्यघटना मिळाली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही त्याच वर्षी निघाली. ह्या हकीकतीत लोक मुलाचे कौतुक करतात. आमच्या मते अधिक कौतुक सत्तरी गाठलेल्या बापाचे केले पाहिजे. विलायतेहून आलेला मुलगा ‘आपले अधिकार सोडा’ असे सांगतो आणि बाप ते सोडतो, ही गोष्ट संस्थानात तर काय, एखाद्या वाड्यातही विरळाच. वीस एकर बागायतीचा कारभार मुलास न विचारता हाकणारे आजोबा आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आता जे सांगावयाचे ते ह्या मासिकाच्या वाचकांस किंचित कडू लागेल; तथापि ते टाळून हा विषय पुरा होणार नाही. आपल्या मुलखाशी संबंध असलेल्या ज्या विद्यार्थ्याची दृष्टी परदेशाने सर्वांत अधिक उजळली, त्यास परत आल्यावर घराचा एक कोपराही मिळाला नाही.

१९०१ साली सातारा येथून काही लहान मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. त्यांत नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर होते. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तळ्याच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते आणि मुले त्यांस भेटावयास निघाली होती. मुले महारांची आहेत हे कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाड्यावर एकाने गाडी दिली. गाडी मुलांनी हाकावयाची आणि त्याने बाजूने पायी चालावयाचे, असे ठरले. बरोबर अन्न होते, परंतु वाटेत कोणी पाणी देईना, आणि पाण्यावाचून ते अन्न खाता येईना. ती रात्र मुलांनी उपाशी काढली. मसूर स्टेशन आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या पायाखालचे आहे, म्हणून ही जागा नावानिशी सांगितली.

हाच मुलगा १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. तेथे सेलिग्मन आणि ड्युई ह्यांच्यासारखे अध्यापक लाभले, ग्रंथालय दिवसभर उघडे मिळाले, आणि वसतिगृहात नवल भथेना ह्या पारशी विद्यार्थ्याची जन्माची मैत्री जडली. १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी हिंदुस्थानातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. पंगतीत, विहिरीवर आणि शाळेत जे सोसले होते त्याकडे आता अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याचे बळ त्यांस आले होते. तेथून आपल्या वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांबरोबर मुलींच्या शिक्षणाचाही आग्रह धरला आहे. पुढे स्वतःच लिहून ठेवलेल्या आठवणींत ते सांगतात की, परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती. दृष्टी पालटणे म्हणजे काय, ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

करारान्वये नोकरी करण्यासाठी १९१७ साली ते बडोद्यास आले. स्टेशनावर उतरताच प्रश्न पडला की, उतरावयाचे कोठे? एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. शहरात त्यांचे दोन स्नेही होते. हिंदू स्नेही म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याने घरातील मंडळींस विचारून सांगतो म्हटले, आणि नकार आला. कोलंबियाचा हा पदवीधर कामाठी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस गेला. न्यूयॉर्कमध्ये ज्याचा जिवलग मित्र पारशी, त्यास बडोद्यात पारश्यांनी हाकलले, हा योगायोग मनास चटका लावणारा आहे खरा. परंतु आम्हांस त्याहून अधिक बोचते ते त्या हिंदू स्नेह्याचे उत्तर. त्यात द्वेष नाही, शिवी नाही. घर चालले पाहिजे, नोकर टिकले पाहिजेत, एवढीच गृहस्थी अडचण आहे. असली अडचण आपणांपैकी कोणाच्या घरात नव्हती?

महाराजांची इच्छा चांगली होती, पैसा होता, नोकरी होती. एक खोली मिळाली नाही. राज्यास आपल्या पैशाने शिकविलेला अर्थशास्त्रज्ञ खोलीअभावी गमवावा लागला. १९२० साली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि त्याच भथेनांची मदत ह्यांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. पुढचा इतिहास शाळेतील मुलासही ठाऊक आहे.

परदेशाचे पाणी लागताच दृष्टी आपोआप निवळते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. अमेरिकेतील सिअॅटल शहरास २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा नियम करावा लागला, आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्याच काही मंडळींनी त्यास विरोध केला. तो नियम योग्य की अयोग्य ह्यावर मतभेद असू शकतील. पण तो करण्याची वेळ तेथे आली ह्याचाच अर्थ, काही जणांनी पेटीत लोणच्याच्या बरणीबरोबर घरची पंगतही बांधून नेली होती. गलाईच्या दुकानासारखीच तीही एक वस्ती होते, आणि मग मुलगा बोस्टनला आहे की कडेगावला ह्याने फारसे बिघडत नाही. म्हणून मुलास निरोप देताना ‘आपल्या माणसांतच राहा’ असे जे आपण वारंवार बजावतो, ते जरा कमी बजावावे. आजारपणात, अडीअडचणीत आपली माणसे हवीत हे आम्हांस मान्य आहे. सर्वकाळ आपल्याच माणसांत राहावयाचे तर इतक्या कर्जाची गरज नव्हती.

मुलींच्या बाबतीत हा विषय अजून अवघडतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली एकट्या अमेरिकेस गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फिया येथून डॉक्टर झाल्या, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली. परंतु क्षयाने खंगून फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचा अंत झाला. कोल्हापूरची जागा आधीच राखून ठेवलेली होती ही गोष्ट त्या काळी केवढी मोठी! आज पुष्कळ घरांत मुलासाठी शेत गहाण पडते आणि मुलीसाठी ‘लग्न ठरले की तिकडचे तिकडे शिकेल’ असे ठरते. परदेशी एकटीने राहून आलेली मुलगी घरातील कोणत्या गोष्टीवर बोट ठेवील ह्याची भीती मुलाच्या मानाने अधिक वाटते, हे त्याचे खरे कारण होय. खर्चाचे कारण पुढे करणे सोयीचे असते इतकेच.

आता एक लहानशी सूचना. पूर्वी परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येई आणि घरातील सर्वांस वाचून दाखवीत. हल्ली रोज संध्याकाळी पडद्यावर मुलाचा चेहरा दिसतो. जेवलास का, थंडी किती आहे, औषध घेतलेस का, इतके बोलणे होते आणि त्याने तेथे काय पाहिले हे कोणी विचारीत नाही. मग दोन वर्षांनी तो एकदम ताट उचलतो तेव्हा सर्वांस धक्का बसतो. म्हणून त्यास महिन्यातून एक सविस्तर मराठी पत्र लिहिण्यास सांगावे: आपले शिक्षक कसे शिकवितात, त्यांच्या मताविरुद्ध बोलता येते की नाही, कारखान्यात मुकादम आणि मजूर एकमेकांस काय म्हणून हाक मारतात, खोलीतील कामाची वाटणी कशी होते. पत्र आले की रात्रीची जेवणे झाल्यावर ते मोठ्याने वाचावे, आणि वाचन सुरू करण्यापूर्वी स्वयंपाकघरातील मंडळी बाहेर येऊन बसेपर्यंत थांबावे. त्यांची झाकपाक राहिली असेल तर ज्यांची जेवणे आधी झाली आहेत त्यांनी उठून हात लावावा.